कुठून आलं, कुणाला द्यायचं

आत्याचा फोन सकाळी सातला आला की समजायचं, रात्रभर विचार करून तिनं काहीतरी नक्की केलंय. २०२५ च्या नोव्हेंबरात असाच तिचा फोन आला. मी चहा ठेवत होते.

"आजचा पेपर वाचलास?"

"अजून नाही गं."

"वाच. आणि संध्याकाळी इकडे ये. येताना शंभरपानी वही आण. एकरेघी."

बातमी आतल्या पानावर होती. बायकांनी, विशेषतः हिंदू बायकांनी, आपलं मृत्युपत्र करून ठेवावं असं आवाहन सर्वोच्च न्यायालयानं केलं होतं. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मिळकत तिच्या माहेरी न जाता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. त्यावरून खटले उभे राहतात. त्या कायद्याच्या सुनावणीत हे आवाहन आलं होतं.

मी बातमी दोनदा वाचली. आत्या ७४ वर्षांची आहे. मूल नाही. आतोबा २०११ साली गेले. सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेत तिनं ३३ वर्षं मराठी शिकवलं. विश्रामबागचा दोन खोल्यांचा फ्लॅट तिनं १९९६ साली स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतला. त्या फ्लॅटचं पुढं काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. मी तर नाहीच. तिला दवाखान्यात नेलं, तिच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दरवर्षी भरला, मोबाइलवर पैसे पाठवायला शिकवलं. पण "आत्या, तुझ्या मनात काय आहे?" हे विचारलं नाही.

निघताना आईला सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "भरल्या तिन्हीसांजेला असलं अभद्र कशाला? आणि तू त्यात पडू नकोस. उद्या लोक म्हणतील, भाचीनं डोळा ठेवला." आईचं बोलणं मला लागलं, पण ते खोटं नव्हतं. मी विचारलं नाही त्याचं खरं कारण हेच होतं.

आत्यानं दार उघडल्या उघडल्या वही घेतली, टेबलावर ठेवली आणि पट्टीनं समास आखला. मग तीन रकाने पाडले. पहिल्याच्या डोक्यावर लिहिलं 'काय आहे', दुसऱ्याच्या 'कुठून आलं', तिसऱ्याच्या 'कुणाला'. तिसरा रकाना त्या दिवशी रिकामाच राहिला.

"तुम्ही कुणी विचारत नव्हता आणि मला बोलता येत नव्हतं," ती लिहिता लिहिता म्हणाली. "मूल नसलेल्या बाईनं हा विषय काढला की खोलीतल्या सगळ्यांचे कान टवकारतात. एक शब्द बोलले तर चौघांच्या मनात आकडे सुरू होतात."

पहिला रकाना भरायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. विश्रामबागचा फ्लॅट. गावभागातल्या वाड्यातला आतोबांचा हिस्सा. तासगाव तालुक्यातली २२ गुंठे जमीन. बँकेतल्या चार मुदत ठेवी, पोस्टातली खाती, भविष्य निर्वाह निधीतून उरलेलं थोडं. लॉकरमधले दागिने. एक शिलाई मशीन. तांब्याचा बंब. पुस्तकांची दोन कपाटं. पुस्तकं लिहायची की नाही यावर ती थांबली आणि मग लिहिली.

मी मुकाट्यानं वाचत होते तो दुसरा रकाना, 'कुठून आलं'. वाड्याच्या हिश्श्यापुढं तिनं लिहिलं, 'ह्यांच्याकडून'. जमिनीपुढं 'आबांकडून', म्हणजे माझ्या आजोबांकडून. फ्लॅटपुढं लिहिलं 'माझ्या पगारातून' आणि त्याखाली रेघ मारली.

त्या २२ गुंठ्यांची गोष्ट मला इथं सांगायलाच हवी, कारण ती आमच्याच घराची आहे. आजोबा गेल्यावर वाटणीच्या वेळी माझ्या वडिलांनी तिच्याकडे हक्कसोडपत्र मागितलं होतं. आपल्याकडे बहिणीनं हक्कसोड द्यायची हे इतकं गृहीत धरलेलं असतं की वडिलांना त्यात मागणंसुद्धा वाटलं नसेल. तिनं सही केली नाही. "मला जमीन नको होती रे," ती त्यांना म्हणाली होती, "पण मी नको म्हणायच्या आधी तू कागद पुढं केलास." दोन वर्षं ती भाऊबीजेला आली नाही. मग वडील स्वतः तलाठ्याकडे गेले, सातबाऱ्यावर तिचं नाव लावून घेतलं आणि तो उतारा घेऊन तिच्या घरी गेले. ओवाळणीच्या ताटात त्यांनी तोच ठेवला होता. आज वडील नाहीत. उतारा तिच्याकडे आहे.

कागद शोधणं हे खरं कष्टाचं काम निघालं. आत्या २०१९ पर्यंत गावभागातच राहायची. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. वाड्याचा तळमजला पाण्यात गेला. आत्याच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी गुडघाभर पाण्यातून कागदांची लोखंडी ट्रंक माडीवर चढवली, पण तोवर तळाशी पाणी शिरलंच होतं. पूर ओसरल्यावर मावशी आणि आत्या दोघींनी मिळून ते कागद एकेक करून दोरीवर वाळत घातले, कपड्यांसारखे चिमटे लावून. फ्लॅटच्या खरेदीखताची शाई फुटून पानाच्या मागच्या बाजूला उतरलीय. हाताला ते खरेदीखत अजून वाळलेल्या पापडासारखं लागतं.

ते वाचता येत नव्हतं म्हणून आम्ही दस्त नोंदणी कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढली. जुन्या दस्ताचा क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर नक्कल मिळते. आमच्याकडे क्रमांक नव्हता. सोसायटीच्या फाइलीत तो सापडला. मग मिळकत पत्रिकेचा उतारा, महापालिकेची घरपट्टीची पावती, जमिनीचा सातबारा आणि आठ अ. सातबारा घरबसल्या ऑनलाइन निघाला.

याच शोधाशोधीत दुसरी गोष्ट उघडी पडली. चारपैकी तीन मुदत ठेवींवर नॉमिनी म्हणून, म्हणजे मागं पैसे ज्याच्या हाती द्यायचे तो म्हणून, आतोबांचं नाव होतं. सोसायटीच्या नोंदीतही तेच. १४ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं. चौथ्या ठेवीवर नॉमिनीच नव्हता.

वकील आत्यानं स्वतः निवडली, तिची जुनी विद्यार्थिनी. विजयनगरला तिचं ऑफिस आहे. तिनं उठून बाईंच्या पाया पडून नमस्कार केला, मग वही पाहायला मागितली. दुसऱ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"बाई, हा रकाना तुम्हाला कुणी सांगितला?"

"कुणी नाही. कुठून आलं ते माहीत असलं की कुठं द्यायचं ते सुचतं."

वकीलबाई म्हणाल्या, कायदासुद्धा हेच विचारतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ हिंदू स्त्रीच्या मिळकतीबद्दल आहे. बाईला मुलंबाळं असतील तर आधी त्यांचा आणि नवऱ्याचा हक्क. मुलंबाळं नसतील, तर मग कुठून आलं ते बघायचं. आईवडिलांकडून वारशानं आलेलं, नवरा हयात असला तरी, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. म्हणजे ती २२ गुंठे आमच्याकडे. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशानं आलेलं नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे वाड्याचा हिस्सा आतोबांच्या पुतण्यांकडे.

"आणि हे?" आत्यानं फ्लॅटखालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ते पण नवऱ्याच्या वारसांकडे."

"ते तर मी कमावलंय."

"हो बाई. तरीही."

बाईनं स्वतः कमावलेल्या मिळकतीसाठी कायद्यात वेगळी तरतूद नाही. मूल आणि नवरा नसेल तर पुढचा क्रम नवऱ्याच्या वारसांचा. बाईचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर येतात, आणि भावंडं आणखी मागं. पुरुषाच्या मिळकतीबाबत असं नाही. पुरुष बिनमुलाचा गेला तर त्याची मिळकत बायकोच्या माहेरी कधीच जात नाही.

मग वकीलबाईंनी नारायणीदेवीचा खटला सांगितला. मी तो पहिल्यांदा ऐकत होते. १९५५ साली तिचं लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा सर्पदंशानं गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, आईवडिलांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ साली ती गेली तेव्हा तिच्या नावावर बँकेत पैसे होते, भविष्य निर्वाह निधी होता. मृत्युपत्र नव्हतं. तिच्या आईनं वारसा दाखल्यासाठी अर्ज केला आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही केला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली निकाल लागला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूनं. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाला दिसत होतं, पण कायदा सहानुभूतीवर चालत नाही असं त्यांनी म्हटलं.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "एका कागदाचं काम होतं."

आतोबांचे पुतणे वाईट आहेत असं मुळीच नाही, हे मला नीट लिहायचंय. दोघं पुण्यात असतात, दिवाळीला फोन करतात, महापुरानंतर दोघांनीही पैसे पाठवले होते. वाड्याचा हिस्सा त्यांना जावा, हे आत्याला कुणी सांगावं लागलं नाही. "ते त्यांच्याच घराण्याचं आहे, मी फक्त सांभाळलं," असं म्हणून तिनं त्या ओळीचा तिसरा रकाना सगळ्यात आधी भरला होता. पण तिच्या रोजच्या आयुष्यातली माणसं निराळी आहेत. ट्रंक डोक्यावर घेणाऱ्या मावशी कायद्याच्या कुठल्याच यादीत बसत नाहीत. शाळाही बसत नाही. मिरजेची तिची चाळीस वर्षांची मैत्रीणही नाही.

(ती मैत्रीण मुस्लिम आहे. आत्यानं उत्साहानं तिलाही मृत्युपत्राचं सांगितलं. वकीलबाईंनी समजावलं की त्यांचा कायदा निराळा आहे, इतर वारसांची संमती नसेल तर मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्रानं देता येतं. आपलं ऐकून दुसऱ्यानं तसंच करू नये, ज्यानं त्यानं आपापलं विचारून घ्यावं.)

यानंतर वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, आता तुम्ही बाहेर बसा."

मला क्षणभर अपमान झाल्यासारखं वाटलं. तीन आठवडे मीच कागद जमवले होते. पण त्यांनी कारण सांगितलं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्यानंच पुढाकार घेऊन ते करवलं असं दिसलं, की पुढं कोर्टात संशयाला जागा राहते. मजकूर सांगताना आत फक्त करणारी व्यक्ती आणि वकील असावेत. मी बाहेरच्या बाकावर दीड तास बसले. तो दीड तास आत्याला मिळालेलं सगळ्यात मोठं संरक्षण होतं असं आज वाटतं. आईला वाटणारी भीतीही त्यामुळंच गेली. त्या कागदात काय काय आहे ते मला आजही पूर्ण माहीत नाही. आत्यानं आपणहून सांगितलं तेवढंच मी इथं लिहितेय.

कच्चा मसुदा आठवड्यानं आला. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे होते. आत्यानं चष्मा लावला, पेनांच्या डब्यातून लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर मथळ्याला गोल केला. टाइप करणाऱ्यानं 'मृत्यूपत्र' लिहिलं होतं. "मृत्यू एकटा असला की दीर्घ," ती म्हणाली, "समासात आला की ऱ्हस्व. मृत्युपत्र." मग तिनं सात पानं तपासली. मला दिसली ती पानांच्या कडेची लाल टिपणं, मजकूर तिनं दाखवला नाही. वकीलबाईंनी ती पानं जपून ठेवलीत. उद्या कुणी म्हणालं की म्हातारीला काय लिहिलंय ते कळत नव्हतं, तर ही पानं बोलतील, असं त्या म्हणाल्या.

एक वाक्य मात्र तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, ते ठरावीकच असतं: 'हे मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे.' वाचून थांबली. "माझ्या राजीखुशीनं," ती पुन्हा म्हणाली. "लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. नोकरी करू का, हे ह्यांना विचारून केली. माझ्या राजीखुशीनं असं लिहून सही करतेय ती हीच पहिली."

मसुद्यात वकीलबाईंनी सुचवलेल्या काही गोष्टी इतक्या साध्या होत्या की त्या कुणालाही उपयोगी पडतील. ठेवींचे पावती क्रमांक घालून 'ही ठेव अमक्याला' असं लिहू नका, कारण ठेव मोडली किंवा नवी केली की क्रमांक बदलतो आणि ज्याला द्यायचं त्याला काहीच मिळत नाही. रक्कम लिहा, नाहीतर हिस्सा लिहा. ज्याला देताय तो तुमच्या आधी गेला तर पुढं कुणाला, हेही लिहा. शेवटी 'वर न लिहिलेली उर्वरित सर्व मिळकत' कुणाची, याचं एक वाक्य हवंच. फ्लॅट पुतण्यांना का नाही, त्याचं कारण दोन ओळींत, कुणाला न दुखवता. आणि सगळं मार्गी लावणारा व्यवस्थापक नेमायचा. आत्यानं मला नेमलं. मसुद्यातलं तेवढंच एक कलम वकीलबाईंनी मला वाचायला दिलं.

मावशींच्या नावापाशी मात्र काम अडलं. आत्यानं त्यांच्यासाठी रक्कम ठेवायची ठरवली होती. मजकुरात पूर्ण नाव, वय, पत्ता लागतो. वकीलबाईंनी नाव विचारलं, आणि आत्या गप्प झाली. ती घरी येऊन मला म्हणाली, "१८ वर्षं ती या घरात येते. माझी बाळंतपणं नव्हती, पण आजारपणं तिनंच काढली. तिला सगळी गल्ली मावशी म्हणते, मीही म्हणते. तिचं पूर्ण नाव मला माहीत नाही." मी तिला इतकं अस्वस्थ क्वचितच पाहिलंय. दुसऱ्या दिवशी रेशनकार्डाचं काहीतरी काम आहे असं सांगून मी मावशींचं आधार कार्ड मागून घेतलं. त्यावर नाव होतं ते आम्ही दोघींनी कधी ऐकलेलं नव्हतं. आडनावही माहेरचंच राहिलेलं. बँकेच्या पासबुकावर तिसरंच. वकीलबाईंनी मग 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं लिहिली. आधार दुरुस्त करायचं काम आम्ही मावशींसाठी वेगळं करून टाकलं.

साक्षीदारांबद्दल आत्याचा पहिला विचार होता मिरजेची मैत्रीण. वकीलबाई नको म्हणाल्या. साक्षीदार आपल्याहून तरुण असावा, कारण वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की यांनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदार दोन तरी लागतात. करणाऱ्याच्या सहीला ते साक्ष असतात, आत काय लिहिलंय ते त्यांना कळायची गरज नसते. आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. शेवटी शेजारचे बँकेतले गृहस्थ आणि आत्याचे नेहमीचे डॉक्टर असे दोघे ठरले. डॉक्टरांनी त्याच तारखेचा दाखलाही दिला, की यांची मानसिक स्थिती उत्तम आहे.

कायद्यानं मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कोऱ्या कागदावर लिहिलेलं, स्वतःच्या सहीचं आणि दोन साक्षीदारांच्या सहीचं मृत्युपत्रही चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही. आपल्या भागात नंतर प्रोबेट घेण्याची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याचीही सक्ती नाही. पण आत्याला नोंदणीच हवी होती. "पुरात जे भिजतं ते पुन्हा मिळायला पाहिजे," हे तिचं कारण होतं. डिसेंबरच्या एका मंगळवारी आम्ही गेलो. नोंदणी फी १०० रुपये आणि सात पानांची पानामागं थोडी हाताळणी. असे सरकारी काहीशे रुपये. फ्लॅटची आजची किंमत आणि हे काहीशे रुपये मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

तिथं आधी माहिती संगणकात भरलेली लागते, ती वकीलबाईंच्या ऑफिसनं भरली होती. नंबर आल्यावर फोटो आणि अंगठा. आत्याचा अंगठा यंत्र घेईना. खडूनं आणि वयानं बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. एकदा, दोनदा, तीनदा. तिथल्या मुलीनं ओला रुमाल दिला, अंगठा पुसून पुन्हा लावायला सांगितलं. पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला. मग अधिकाऱ्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "आजी, हे तुम्ही वाचलंय का? कुणी जबरदस्ती नाही ना केली?"

"वाचलंय. तपासलंय पण," आत्या म्हणाली.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी अर्ज करून अधिकाऱ्यांना घरी बोलावता येतं, हे तिथल्या फलकावर मी वाचलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरचे 'आता कसं नेणार' म्हणून विषय सोडून देतात. तसं करायला नको.

नोंदवलेली मृत्युपत्रं कार्यालयात वेगळ्या पुस्तकात, तीन नंबरच्या पुस्तकात ठेवतात. करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत त्याची नक्कल तिला किंवा तिनं अधिकार दिलेल्यालाच मिळते. दुसरा कुणी कितीही जवळचा असला तरी नाही. हे ऐकून आत्याचा चेहरा मोकळा झाला. पुढं मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं आणि शेवटचं असेल तेच धरतात. बक्षीसपत्रात तसं नाही. दिलं की त्याच दिवशी आपल्या हातातून गेलं. मृत्युपत्रानं आज तिचं काहीच गेलेलं नाही, फ्लॅट तिचाच आहे, ती तो उद्या विकूसुद्धा शकते.

मूळ प्रत ती लॉकरमध्ये ठेवणार होती. वकीलबाईंनी तेही थांबवलं. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर. ती गेल्यावर तो उघडायलाच कागद लागणार, आणि कागद आत. आता ती प्रत शाळेच्या जुन्या फाइलींमध्ये आहे, निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर, पुराच्या पाण्याच्या खूप वर. कुठं आहे ते मला, वकीलबाईंना आणि डॉक्टरांना माहीत आहे.

मृत्युपत्र झालं तरी नॉमिनीचं काम उरतंच. नॉमिनी म्हणजे मालक, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही होता. नॉमिनीच्या हाती बँक पैसे देते, पण ते कुणाचे हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या डिसेंबरात शेअर्सबाबतही हेच सांगितलं. म्हणून दोन्हीकडे नावं जुळलेली असली की मागच्यांना त्रास कमी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी लावता येतात. आत्यानं ठेवींवर नवी नावं लावली. सोसायटीचाही फॉर्म दिला. आतोबांचं नाव प्रत्येक फॉर्मवर खोडताना ती पेन जरा टेकवून थांबायची.

पोस्टातलं तेवढं राहिलंय. काल आईच्या घरी बोलता बोलता म्हटलं, सोमवारी आत्याला घेऊन पोस्टात जायचंय. आई भाजी निवडत होती. थोड्या वेळानं उठली, देवघराच्या खणातून तिची पासबुकं काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"मीही येते," ती म्हणाली. "माझ्याही पुस्तकांवर अजून तुझ्या बाबांचंच नाव आहे. आणि त्या वहीत पानं उरली असतील ना?"